श्रीलंकेतून शांतिसेना परत बोलावली ते बरोबर होतं का? (घरातल्या वादावरून काढलेला धागा)

मृण्मयी_कोरेगाव

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझे वडील मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते, नाईक म्हणून रिटायर झाले. १९८८ च्या उन्हाळ्यापासून १९९० च्या जानेवारीपर्यंत ते शांतिसेनेत श्रीलंकेत होते. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या साखरपुड्याला सगळे जमलेले, जेवणं उरकली आणि मांडवातच विषय निघाला. माझे थोरले काका म्हणाले, पुढाऱ्यांनी घात केला, अजून सहा महिने फौज तिथं ठेवली असती तर प्रभाकरन तेव्हाच संपला असता आणि राजीव गांधी आज जिवंत असते. बाबांच्या पलटणीतलेच एक दोस्त आले होते, ते पण म्हणाले बरोबर आहे, आपण जिंकत आलो होतो आणि मागं ओढलं. मी म्हटलं मुळात पाठवायलाच नको होतं, तर काका माझ्यावरच घसरले, तुला काय कळतंय, शहीद झालेल्यांचा अपमान करतेस. आवाज चढले. बाबा एक शब्द न बोलता उठले आणि मांडवाच्या मागं जाऊन आचाऱ्यापाशी बसले.

रात्री घरी आल्यावर मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "सहा महिने, सहा महिने... मी गेलो तवाबी सहाच महिने ऱ्हायले व्हते. आलो तवाबी सहाच."

ते वाक्य डोक्यातनं जात नाहीये म्हणून हा धागा. मी इतिहासाची नाही, कॉमर्सची आहे, पण गेले तीन आठवडे जे मिळेल ते वाचतेय. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, तमिळ संघटनांनी ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवायची, लंकेच्या सैन्याने बराकीत जायचं आणि मधे आपली फौज उभी राहणार, म्हणजे कुणाशी लढायला नाही, दोघांना लांब ठेवायला. आणि १० ऑक्टोबरला, म्हणजे अडीच महिन्यांत, आपणच एलटीटीईशी, म्हणजे प्रभाकरनच्या तमिळ संघटनेशी, लढत होतो. त्या मोहिमेचं नाव ऑपरेशन पवन. आधी एक डिव्हिजन होती, ५४ वी. ती पुरली नाही म्हणून दुसरी, मग तिसरी, मग चौथी, शेवटी सत्तर-ऐंशी हजार माणूस तिथं होतं. साडेअकराशेच्या वर जवान गेले. आणि काम काय होतं ते प्रत्येक टप्प्यावर बदलत गेलं, आधी शांतता राखा, मग शस्त्रं काढून घ्या, मग निवडणूक घ्या, मग निवडून आलेलं सरकार टिकवा. माझा मुद्दा हा आहे की काम बदललं हे त्या पोरांना कुणी सांगितलं का? देशाला कुणी सांगितलं का? "आता थोडंच राहिलंय" एवढंच सांगितलं गेलं.

बाबा लढाईचं सांगत नाहीत. पण रोड ओपनिंगचं एकदा सांगितलंय. रोज पहाटे, गाड्या जायच्या आधी, रस्त्याच्या दोन्ही कडेनं अंतर ठेवून चालायचं आणि जमीन बघत जायचं. तिकडची माती महाबळेश्वराकडं असते तशी तांबडी, आणि रात्री कुणी उकरून परत बुजवली असेल तर तेवढा ओलसर भाग जरा काळपट दिसतो, ऊन वर आलं की तो वाळतो आणि मग काही कळत नाही, म्हणून सगळं काम उजाडायच्या त्या अर्ध्या तासात. बाबा शेतकऱ्याच्या घरातले, त्यांना ते लवकर दिसायचं म्हणून त्यांना पुढं ठेवायचे. रस्त्याला लागून ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, आत लाल कांद्याचे वाफे, आणि एक बाई रोज त्या वेळेला वाफ्यांना पाणी धरायची. ही दिसली की पाणी तसंच वाहतं सोडून आत जायची आणि दार लावून घ्यायची. बाबा म्हणाले, "आमच्या आधी ८७ ला जी पोरं पयल्यांदा गेली त्यास्नी त्याच लोकांनी हार घातलं व्हतं."

मला वाटतं परत बोलावलं ते बरोबरच होतं, उलट दोन वर्षं आधी बोलवायला हवं होतं. तुमचं काय मत? कुणी तिथं होतं का?

अभ्या_लातूर

ताई चांगला धागा. माझा जन्म १९९९ चा, आम्हाला शाळेत यातलं एक ओळ पण नव्हती. कारगिल माहितीय, ७१ माहितीय, हे काहीच नाही. मुळात आपण तिथं गेलोच का हे कुणी सोप्यात सांगेल का?

माटुंगेकर

अभ्या, थोडक्यात सांगतो. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात एलटीटीईने हल्ला करून लंकेचे १३ सैनिक मारले, त्यावर कोलंबोत आणि दक्षिणेत तमिळांच्या विरोधात भयानक दंगली झाल्या, घरं दुकानं जाळली, हजारो लोक बोटीने तमिळनाडूत आले. इकडे लोकांच्यात प्रचंड संताप. तेव्हापासून आपल्या सरकारने तमिळ संघटनांच्या पोरांना गुपचूप ट्रेनिंग आणि हत्यारं दिली, त्यात एलटीटीई पण आली. १९८७ मध्ये लंकेच्या सैन्याने जाफन्याची कोंडी केली तेव्हा ४ जूनला आपल्या हवाईदलाने वरून धान्य टाकलं, सोबत मिराज विमानं. त्या दबावाखाली जयवर्धने कराराला तयार झाले. तिकडे सिंहली लोकांना हा करार म्हणजे अपमान वाटला, सहीच्या दुसऱ्याच दिवशी सलामी घेताना एका लंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर रायफलचा दस्ता उगारून मारला, तो फोटो बघ कधीतरी. म्हणजे पहिल्या दिवसापासून लंकेतले सिंहली नाराज, आणि ज्यांच्यासाठी गेलो त्या तमिळांच्या वतीने सही करायला एलटीटीई नव्हतीच, सही दोन सरकारांची. प्रभाकरनने ४ ऑगस्टला सुदुमलईच्या सभेत सांगितलंच की आमच्यावर हे लादलंय.

मृण्मयीताई, बाबांना नमस्कार सांगा. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

जुना_फौजी

ताई, तुमच्या वडिलांना माझा जय हिंद. मी ८७ च्या ऑक्टोबरात जाफन्यात होतो, नंतर वावुनियाला. पलटण सांगत नाही. तुमच्या भावना समजल्या पण मत पटलं नाही, आणि का ते मनापासून लिहितो.

सुरुवात वाईट झाली हे मान्य. आमच्याकडे नकाशे धड नव्हते. त्यांच्याकडे एके-४७ आणि आमच्याकडे जुनी एसएलआर रायफल, गल्लीत लढायला लांबलचक आणि जड. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले, आपला वायरलेस एलटीटीईने आधीच ऐकला होता, सापळा लावून बसले होते. १३ शीख लाईट इन्फन्ट्रीचे ३० जण उतरले त्यातले २९ गेले, एकटा जिवंत पकडला गेला. ही बातमी आमच्यात पसरली तेव्हा दिवसभर कुणी जेवलं नाही. तरी जाफना शहर आम्ही महिन्याच्या आत घेतलं. आणि ८९ पर्यंत काय परिस्थिती होती? एलटीटीई शहरातनं उठून जंगलात गेलेली, मुल्लैतीवूच्या बाजूला कोंडलेली. नोव्हेंबर ८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांतात निवडणूक झाली, वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. पूर्वेकडे लोक मतदानाला आले, रांगा होत्या, मी बघितलंय. हे फौजेनं मिळवलं होतं.

आणि मग काय झालं? प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि १ जून ८९ ला जाहीर सांगितलं की २९ जुलैपर्यंत चालते व्हा. त्याच वेळी हेच प्रेमदासा आम्हाला मारायला एलटीटीईला हत्यारं देत होते. इकडे आपल्याच देशात, तमिळनाडूत, त्यांच्या जखमींवर उपचार चालू होते. दिल्लीत विरोधी पक्ष म्हणत होते परत आणा. आम्ही तिकडे रेडिओवर हे ऐकत होतो. सांगा, जो जवान रात्री पहारा देतोय त्याला काय वाटलं असेल? हरलो म्हणून परत आलो असतो तर समजलं असतं. आम्ही हरलो नव्हतो.

परत आल्यावर जून ९० मध्ये एलटीटीईने परत लढाई सुरू केली, १९९१ ला २१ मे ला श्रीपेरुंबुदुरला राजीव गांधींना मारलं, ९३ ला खुद्द प्रेमदासांना मारलं. ते युद्ध २००९ पर्यंत चाललं. तुमचे काका म्हणतात ते भावनेच्या भरात असेल पण खोटं नाही. अर्धवट सोडलेलं काम दुप्पट महागात पडतं.

मृण्मयी_कोरेगाव

काका, तुम्ही स्वतः तिथं होता आणि एवढं मनापासून लिहिलंत, धन्यवाद. मी तुमच्या शौर्याबद्दल एक अक्षर वेगळं म्हणत नाहीये. पण एक विचारू का, ८७ च्या ऑक्टोबरात तुम्हाला वरून किती दिवस सांगितले होते? आणि पुढच्या वेळी किती?

जुना_फौजी

पहिल्यांदा सांगितलं होतं काही दिवसांचं काम आहे. नंतर कुणी आकडा सांगितला नाही, आम्ही विचारला नाही.

चेन्नईकर_मराठी

मी बावीस वर्षं चेन्नईत आहे, बायको तमिळ आहे, त्यामुळे इथली बाजू थोडी मांडतो. जुन्या_फौजींचा राग मला समजतो, पण "आपल्याच देशात त्यांच्यावर उपचार" हे वाक्य इकडे वेगळं ऐकू येतं. ज्या माणसाच्या मावशीचं घर जाफन्यात आहे त्याला ८३ पासून सांगितलं गेलं की हे आपले लोक, यांना वाचवायचं. दिल्लीनेच त्या पोरांना ट्रेनिंग दिलं. चार वर्षांनी दिल्लीच म्हणते आता हे शत्रू. सरकारला एका रात्रीत बाजू बदलता येते, पण घराघरात ती तशी बदलत नाही.

२१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस, जाफन्याच्या सरकारी इस्पितळात आपली फौज शिरली आणि त्यात पेशंट, डॉक्टर, नर्स धरून साठ-सत्तर माणसं मेली. लष्कराचं म्हणणं की आतून गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंच्या माऱ्यात लोक सापडले, तिथले वाचलेले लोक म्हणतात की नंतर निःशस्त्र लोकांना मारलं. तिथं अजून दरवर्षी त्या डॉक्टर-नर्सना श्रद्धांजली वाहतात. ऑगस्ट ८९ मध्ये वल्वेट्टितुरईला एलटीटीईने हल्ला करून आपले जवान मारले, त्यानंतर गावात पन्नासच्या वर सामान्य लोक मारले गेले. हे मला लिहायला जड जातंय कारण मी पण ह्याच देशाचा आहे. पण मार्च ९० मध्ये तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी फौजेच्या स्वागताला गेले नाहीत ह्यावर आपण मराठी घरात जेव्हा संतापतो तेव्हा ते का गेले नाहीत हे पण माहीत असावं. मला विचाराल तर त्यांनी जायला हवं होतं. जवानाने स्वतः युद्ध निवडलं नव्हतं. माझे सासरे करुणानिधींचे पक्के मतदार, ते पण आता म्हणतात, जायला हवं होतं.

जुना_फौजी

चेन्नईकर, इस्पितळाबद्दल तुम्ही एकाच बाजूचं ऐकलंय. एलटीटीई इस्पितळातनं, देवळातनं, शाळेतनं फायर करायची हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्यातल्या कुणी चुकीचं केलं नाही असं मी शपथेवर म्हणणार नाही, लढाईत माणूस माणूस राहत नाही. पण सगळ्या फौजेला त्यात ओढू नका.

चेन्नईकर_मराठी

ओढत नाहीये साहेब. दोन्ही बाजूंचं म्हणणं म्हणूनच लिहिलं.

माटुंगेकर

आता सविस्तर लिहितो. आमच्या भागाचा एक माणूस ह्या युद्धात गेला आणि परमवीर झाला, मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्म, एसआयईएस कॉलेजात शिक्षण, ८ महार रेजिमेंट. २५ नोव्हेंबर १९८७ ला रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. ते शांत डोक्याने मागून वळसा घालून चढून गेले, छातीत गोळी लागली, त्याच अतिरेक्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत आपल्या जवानांना आदेश देत राहिले. तमिळ घरातला मुंबईचा मुलगा, महार रेजिमेंटचा अधिकारी, आणि ज्यांच्याशी लढत होता त्यांची भाषा त्याच्या आईची भाषा. मी लहानपणापासून हे ऐकत आलोय आणि ह्या एका माणसात ह्या युद्धाचं सगळं दुखणं मला दिसतं.

जुन्या_फौजींच्या "अर्धवट सोडलं" ह्या मुद्द्याशी मी असहमत आहे आणि त्याचं कारण सांगतो. पूर्ण म्हणजे काय हे कुणी ठरवलंच नव्हतं. समजा ९० मध्ये प्रभाकरन मारला गेला असता, पुढे? कोलंबोचं सरकार तुम्हाला निघा म्हणतंय. दक्षिणेत जेव्हीपी ही सिंहली डावी संघटना भारताच्या मालावर बहिष्कार घालतेय, आपल्या फौजेच्या नावाने तिथली तरुण पोरं भडकतायत आणि त्यांचं सरकार त्यांना हजारोंनी मारतंय. जाफन्यात दारं बंद होतायत. ज्या पेरुमाळ सरकारसाठी थांबायचं ते एवढं कमकुवत की त्यांच्या पक्षाने तमिळ नॅशनल आर्मी उभी करायला घराघरातनं पोरं जबरदस्तीने उचलली, आणि आपली फौज मागे हटली तशी ती कच्ची पोरं एलटीटीईच्या तावडीत सापडली. हे सगळं धरून ठेवायला किती डिव्हिजन लागल्या असत्या, पाच? सहा? ज्या देशात आपण त्यांच्या सरकारच्या संमतीने गेलो तेच सरकार जा म्हणाल्यावर थांबणं म्हणजे सरळ सरळ कब्जा करणं झालं असतं.

आणखी एक. व्ही. पी. सिंगांनी घाईने परत बोलावलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं ते अर्धंच खरं आहे. २९ जुलै ८९ ला सहाशेच्या आसपास जवानांची पहिली तुकडी निघाली तेव्हा राजीव गांधीच पंतप्रधान होते, आणि सप्टेंबर ८९ मध्ये लंकेशी ठरलं की २० तारखेपासून आपण चढाई थांबवायची आणि वर्षअखेरीपर्यंत बहुतेक फौज काढायची, ते पण त्यांच्याच सरकारने. सिंग डिसेंबरात आले, शेवटचं जहाज २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघालं. म्हणजे ज्यांनी पाठवलं त्यांनाच कळून चुकलं होतं.

अभ्या_लातूर

बापरे, हे सहाशे जवानांचं माहीतच नव्हतं. मी पण घरी सिंगांनाच दोष देताना ऐकलंय.

मग एक प्रश्न, फौजेतल्या मोठ्या अधिकाऱ्यांपैकी कुणीच सुरुवातीला विरोध नव्हता का केला?

माटुंगेकर

५४ डिव्हिजनचे मेजर जनरल हरकीरत सिंग यांनी नंतर जाहीर बरंच सांगितलं. त्यांचा दावा असा की सप्टेंबर ८७ मध्ये आपले उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांनी त्यांना सांगितलं होतं की प्रभाकरन चर्चेला येईल तेव्हा त्याला गोळी घाला, आणि त्यांनी नकार दिला, बोलणी करायला बोलावलेल्या माणसाला फौज मारत नाही म्हणून. लढाई सुरू करू नये असंच त्यांचं मत होतं असं ते सांगायचे. त्यांना लवकरच तिथून हलवलं. उलट बाजूला नंतरचे कमांडर लेफ्टनंट जनरल कालकट, त्यांचं म्हणणं जुन्या_फौजींसारखं, की ८९ पर्यंत काम झालं होतं आणि राजकारणाने घालवलं. म्हणजे हा वाद मांडवातल्या दोन फौजींपुरता नाही, जनरल लोकांच्यात पण हाच आहे.

ऑक्टोबर ८७ चं ते वळण मात्र बघ. एलटीटीईचे १७ जण समुद्रात पकडले, त्यात कुमारप्पा आणि पुलेंद्रन हे मोठे लोक. लंकेला त्यांना कोलंबोला न्यायचं होतं. ते जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर, आपल्या फौजेच्या पहाऱ्याच्या आसपास. हो-नाही चाललं आणि ५ ऑक्टोबरला त्यांनी गळ्यातलं सायनाईड चावलं, १२ मेले. त्यानंतर पाच दिवसांत युद्ध. त्या पाच दिवसांत संसदेत चर्चा नाही, लोकांना काही माहिती नाही.

स्कारबरोची_स्नेहा

मी टोरांटोत राहते, स्कारबरोला. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं जाफन्याच्या तमिळांची. धागा तीन वेळा वाचला, लिहू की नको करत होते.

माझ्या शेजारच्या आक्का, साठीच्या आहेत, माझ्या मुलीला त्यांनीच सांभाळलं मी कामावर जायला लागल्यावर. पहिली दोन वर्षं त्यांनी मला कधी विचारलं नाही मी कुठली. एकदा रव्याचे लाडू दिले तेव्हा विचारलं, मी सांगितलं महाराष्ट्र. त्या म्हणाल्या, मराठा? मी खुशीत हो म्हटलं, मला वाटलं शिवाजी महाराज माहीत असतील. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि बराच वेळ फडक्याने ओटा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या की आमच्या गल्लीच्या तोंडाशी चौकी होती तिथं मराठा पोरं असायची. कर्फ्यू लागला की आठ-आठ दिवस घरात. त्यांचा धाकटा भाऊ तपासणीला नेला, तीन दिवसांनी परत आला, त्याच्या पाठीचं त्या अजून बोलत नाहीत. आणि त्याच चौकीवरच्या एका पोराने त्यांच्या आईला दम्याचा त्रास झाला तेव्हा कर्फ्यूत रात्री सोबत येऊन दवाखान्यापर्यंत पोचवलं होतं. हे पण त्यांनीच सांगितलं, त्याच दमात. त्या म्हणाल्या, तो मुलगा एवढासा होता, त्याला आमची भाषा येत नव्हती, सारखा "आई, आई" म्हणत होता माझ्या आईला.

मृण्मयी, मी तुझ्या बाजूने आहे, फौज तिथं नकोच होती. पण आक्कांना मी एकदा विचारलं की भारत लवकर गेला ते बरं झालं ना, तर त्या म्हणाल्या तुम्ही गेलात आणि एलटीटीईने माझ्या नवऱ्याच्या भावाला नेलं, तो पेरुमाळांच्या पक्षाचा होता. तो परत आलाच नाही. म्हणजे येणं पण वाईट आणि जाणं पण. माझ्याकडे ह्यावर उत्तर नाही.

जुना_फौजी

स्नेहाताई, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ बसून होतो. पेरुमाळांच्या लोकांचं तुम्ही लिहिलंत तेच माझं म्हणणं आहे. ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून निवडणूक लढवली त्यांना आपण वाऱ्यावर सोडलं. मी वावुनियात त्यांच्या एका शिक्षकाला ओळखायचो, रोज सकाळी चौकीवर येऊन हिंदी शिकायचा माझ्याकडनं. आम्ही निघालो तेव्हा त्याने विचारलं होतं, आता आमचं काय. मला काही बोलता आलं नाही. अजून सहा महिने थांबलो असतो तर निदान त्यांना नीट हलवता आलं असतं. हे मी जिंकण्यासाठी म्हणत नाहीये.

माटुंगेकर

हा मुद्दा तुमचा पूर्ण मान्य. परत यायचं म्हणजे कसं यायचं, मागं कोण राहतंय, ह्याचा विचार व्हायला हवा होता आणि तो झाला नाही. मी परत यावं म्हणणारा असलो तरी हे मान्य.

चेन्नईकर_मराठी

+१. पेरुमाळांना आणि त्यांच्या काही लोकांना भारतात आणलं होतं, पण साधे कार्यकर्ते, ती उचललेली पोरं, ती तिथंच राहिली.

मृण्मयी_कोरेगाव

दोन दिवस लॉग इन करता आलं नाही. सगळे प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवले, काल रात्री, अंगणात. मोठ्याने वाचताना स्नेहाच्या पोस्टवर माझा आवाज गेला तेव्हा बाबांनी फोन हातात घेतला आणि चष्मा लावून स्वतः वाचलं. त्यांना वेळ लागतो वाचायला.

मग बोलले. एवढं सलग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, जमेल तसं लिहिते.

म्हणाले, ८८ ला माझ्याआधी त्या चौकीवर पाटणचा एक पोरगा होता. त्याची सहा महिन्यांची ड्युटी संपायला आठ दिवस होते. तो गेला. मग त्याच्या जागी मला पुढं लावलं. साहेब म्हणाले, ह्याचा बदला घ्यायचाय. मग माझ्यानंतर कुणी गेला तर त्याच्या बदल्याला अजून एक येणार. "गेलेल्याच्या नावानं नवा पाठवायचा, आन् त्यो गेला की त्याच्या नावानं अजून एक, ह्याला शेवट कुठं हाय? पाटणच्याच्या आयेला इचारा, तिला बदला नको व्हता, तिला पोरगा पायजे व्हता." काकांचं शहिदांच्या अपमानाचं वाक्य त्यांना तेव्हापासून बोचतंय हे मला काल कळलं.

जुन्या_फौजी काकांसाठी निरोप आहे, की तुमचं जिंकल्याचं खरं आहे, आपण कुठं हरलो नाही, पण मला तिथं काय जिंकायचं होतं ते कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं होतं का. आणि त्या शिक्षकाचं नाव आठवत असेल तर ते लिहून ठेवा म्हणाले, इथं नाही, घरी वहीत.

चेन्नईकर, तुम्हाला विचारायला सांगितलंय की मद्रास बंदर अजून तसंच आहे का. ते जानेवारीत उतरले तेव्हा धक्क्यावर चहावाला होता, त्याला पैसे द्यायला गेले तर बाबांच्या खिशात सगळी लंकेची नाणी. चहावाला तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, बाबांना वाटलं शिव्या देतोय, तर त्याने अजून एक ग्लास भरून दिला आणि हात हलवून जा म्हणाला.

चेन्नईकर_मराठी

बंदर खूप बदललंय, आत सहज जाता पण येत नाही. पण बाबांना घेऊन या. बीच स्टेशनच्या समोरून बंदराची भिंत दिसते, तिथं चहाच्या टपऱ्या आहेत. मी आणि सासरे दोघं येतो.

जुना_फौजी

ताई, वडिलांना सांगा, नाही, मला पण सांगितलं नव्हतं. माझं मत अजून तेच आहे की त्या लोकांना तसं सोडायला नको होतं. नाव आठवतंय. आज वहीत लिहिलं.

त्यांना विचारा ८९ च्या पावसाळ्यात ते वावुनियाच्या रस्त्यावर होते का. असतील तर आमच्या गाड्या ज्या रस्त्याने जायच्या तो सकाळी त्यांनीच बघितलेला असणार.

मृण्मयी_कोरेगाव

विचारलं. होते म्हणाले. जुलै ते सप्टेंबर. तुमचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा, त्यांना बोलायचंय.